गोरक्षनाथ राधाकिसन खरात यांची घोडी

मी बँकेत लिपिक म्हणून रुजू झालो. शेवट असा गोड आहे आणि तो तुम्हाला सांगून टाकला. आता कृपा करून विसरून जा. असं समजा, की ही ओळ छापखान्यात चुकून आत आली, मी कुठेही रुजू झालेलो नाही आणि अंबडच्या आमच्या घराच्या ओट्यावर बँकेचं पत्र हातात घेऊन बसलोय. त्या ओट्यावरच्या माणसाला पुढचं काहीच माहीत नव्हतं. त्याची जी हालत झाली ती वाचणाऱ्याचीही व्हावी, अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे.

पत्रात लिहिलं होतं, की आपली निवड झाली असून येत्या सोमवारी बँक बंद होण्याच्या आत कागदपत्रांसह हजर व्हावे. कागदपत्रांत क्रेडिट रिपोर्ट हवा. त्यात थकीत कर्ज दिसलं, तर ज्यांचं कर्ज त्यांचं "काही येणे नाही" असं पत्र हवं. पत्र नसल्यास निवड रद्द, जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

ही परीक्षा मी इतक्या वेळा दिली होती, की परीक्षा केंद्रावरचा शिपाई मला "आलात का?" असं विचारायचा. त्यामुळे पत्र येताच आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. जिच्याशी नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं तिलाही दिले, तेही दोन. नोकरी गेली तर पेढे परत मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या आठवड्यात मी त्याचा फार विचार केला.

रिपोर्टचं मला काहीच टेन्शन नव्हतं. मला आयुष्यात कुणी कर्ज दिलेलं नाही. मागितलं नव्हतं असं नाही.

बसस्टँडजवळ फहीमचं ऑनलाइन सेंटर आहे. शाळेपासूनचा मित्र. त्याने रिपोर्ट उघडला, खाली सरकवला, वर सरकवला, मग चष्मा काढून पुसला.

"भाई, तुझ्यावर कर्जा है."

"कशाचा?"

"पशुधन. भरभराट फायनान्स, शाखा अंबड. थकीत." हे त्याने मोठ्यांदा वाचलं, कारण फहीमला हळू वाचता येत नाही.

मागे सातबारासाठी रांगेत उभे असलेले एक आजोबा पुढे झुकले. "म्हैस का?"

"म्हैस न्हाई घेतली मी."

"मंग शेळ्या आसतील. शेळ्यांचं कुणी कबूल करीत न्हाई."

फहीमने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला, फोन स्पीकरवर टाकला, आणि एका गोड आवाजाच्या बाईने रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, की श्री. गोरक्षनाथ राधाकिसन खरात यांनी सदर कर्ज घोडी खरेदीसाठी उचललेलं आहे.

मी घरी पोहोचायच्या आत घोडी घरी पोहोचली होती. म्हणजे बातमी. आई दारातच उभी.

"घोडी कशाला लागती माणसाला? लग्नालाच ना? मंग सांग, कोण हाय ती?"

"आई, कुणी न्हाई."

"घोडी घेण्यापस्तोर गेलं आन् कुणी न्हाई?"

तेवढ्यात शेजारचे तातेराव काका आले. काका तहसील कचेरीतून निवृत्त झाले असले, तरी कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

"घोडी कुठं बांधली?"

"काका, माझ्याकडं घोडी न्हाईच."

"शाब्बास. हेच म्हणत राहा. बयान बिलकुल बदलू नको."

"पण खरंच न्हाई."

"बराबर. हे 'खरंच' फक्त गाळ. त्याच्यानं संशय येतो."

फहीमने रिपोर्टवाल्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली. 'हे खाते माझे नाही' असा एक चौकोन असतो, त्यात टिक केली. उत्तराला तीस दिवस लागतील असं खाली बारीक अक्षरात होतं. माझ्या हातात सोमवारपर्यंतचा वेळ. गंमत म्हणजे उत्तर दोनच दिवसांत आलं. फहीमने दुकानातूनच आरोळी मारली, मी चप्पल न घालता पळालो. उत्तर असं होतं: "संबंधित संस्थेने ग्राहकाशी फोनवर संपर्क साधून खातरजमा केली आहे. ग्राहकाने कर्ज मान्य केले आहे. तक्रार निकाली."

"तू मान्य कामून केलं?" फहीमने विचारलं.

"मला फोनच आला न्हाई."

"मग मान्य कोणी केलं?"

हा प्रश्न घेऊन मी भरभराट फायनान्सच्या शाखेत गेलो. शाखा एका खताच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे आत शिरतानाच युरियाचा वास आणि त्यामागोमाग व्यवस्थापक सोमेश्वर साहेब येतात. साहेब शांत माणूस. ज्यांना स्वतःला कधी हप्ता भरावा लागत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर असते तशी शांतता.

"तुम्हाला फोन लावला होता," साहेब म्हणाले. "तुम्ही 'हो, घेतली घोडी, लई गुणाची हाय' असं सांगितलं."

"तो मी नव्हतो."

"नाव?"

"गोरक्षनाथ."

"वडिलांचं?"

"राधाकिसन."

"आडनाव खरात, गाव खरातवाडी, जन्मतारीख एक जून. वर्षही तेच." साहेबांनी फाईल मिटली. "मंग कोण होतं फोनवर?"

मी फाईलमधला फोटो मागितला. फोटोत घोडी पूर्ण होती आणि माणूस अर्धा. त्या अर्ध्या माणसाला भरदार मिशी होती.

"साहेब, मला मिशी न्हाई."

"काढली असंल. थकीत माणसं काढतात."

मी पॅनकार्ड दाखवलं. कर्जाच्या कागदावर पॅन नंबर नव्हताच. नाव, जन्मतारीख आणि गाव जुळलं, तेवढ्यावर कुठल्यातरी मशीनने दोघांची गाठ मारून दिली होती. मी बँकेचं पत्र दाखवलं, सोमवारची तारीख दाखवली. साहेबांना दया आली असावी.

"असं करा. तो दुसरा गोरक्षनाथ आणा. दोघं एका टायमाला माझ्यासमोर उभे राहिलात, तर दोन आहात हे मी मान्य करतो. एक-एक करून आलात, तर एकच."

मी बाहेर पडलो. तातेराव काकांचं मत पडलं, की शपथपत्र करावं. कोर्टाजवळच्या लेखनिकाने मजकूर टाईप केला: "मी शपथेवर लिहून देतो, की मी गोरक्षनाथ राधाकिसन खरात असून गोरक्षनाथ राधाकिसन खरात नाही." नोटरी वकिलांनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारायच्या आधी मला पाणी दिलं. शिक्का मारला नाही तो नाहीच.

आईला मी हे सगळं जेवताना सांगत होतो. एक जून म्हटल्यावर तिचा घास थांबला.

"आरं, एक जून तर समद्यांचीच."

इथे आमच्या वाडीच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं. शाळेत नाव घालताना कुणालाच पोराची जन्मतारीख माहीत नसायची. आई म्हणायची, ज्वारी काढायच्या टायमाला झाला. बाप म्हणायचा, लाल गाय व्याली तेव्हा. गुरुजी दोघांचं ऐकून घ्यायचे आणि एक जून लिहायचे, म्हणजे पोरगं जूनमध्ये बरोबर सहा वर्षांचं. सरकारी कागदांवर विश्वास ठेवायचा तर आमच्या वाडीतल्या बायका वर्षातून एकाच दिवशी बाळंत होत होत्या. आणि ज्या वर्षी मी जन्मलो, त्या वर्षी वाडीत एक नाथपंथी महाराज मुक्कामाला होते. त्यामुळे त्या वर्षीचे पोरगे जवळजवळ सगळे गोरक्षनाथ. राहता राहिला बाप. राधाकिसन वाडीत पाच होते, आडनाव तर वेशीपासून वेशीपर्यंत एकच.

"तुझ्या संगट पयलीत व्हता बघ," आई म्हणाली. "खालच्या आळीच्या राधाकिसनभावजींचा. तो मोठा गोरख, तू बारका गोरख. मंग आपण अंबडला आलो."

शनिवारी सकाळी मी मोटारसायकल काढली. अंतरवाली सराटीच्या चौकात चहा घेतला. खरातवाडीत मोठा गोरख त्याच्या घरासमोर घोडी धूत होता. फोटोतली मिशी, आणि आता पूर्ण माणूस. मला बघताच ओल्या हातांनी मिठी मारली.

"बारक्या! आरं, आपुन बँकेत लागलो म्हणं!"

"आपुन?"

मग त्याने सांगितलं, की निकालाची यादी कुणीतरी मोबाइलवर टाकली, गावाने नाव वाचलं आणि देवळासमोर मंडप घालून त्याचा सत्कार केला. "मी न्हाई म्हणलो," मोठा गोरख म्हणाला, "पण त्यायनी हार आणलेला व्हता. हाराला न्हाई कसं म्हणावं? शाल आत हाय. तुला पायजे का?"

माझी परीक्षा त्याच्या गळ्यात आणि त्याची घोडी माझ्या गळ्यात, असा हा व्यवहार होता. शाल मी नाकारली. चांगली मऊ होती, तरी नाकारली.

"गोरख, तू हप्ते कामून भरले न्हाई?"

त्याला खरंच वाईट वाटलं. "भरून राह्यलो की! वसुलीला बिभीषण येतो ना. म्हणला, भावाचा परण्या हाय, घोडी दे, दोन हप्ते मी बघून घेतो. दिली. मंग चुलतभावाचा आला. मंग मेव्हण्याचा. आता समदं फिटत आलंय म्हणतो तो. फक्त त्याचं सोताचं लगीन ऱ्हायलंय. तो शेवटचा हप्ता."

आमच्याकडे लग्नाच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. भरभराट फायनान्सचं अख्खं कर्ज अशा परण्यांत फिटलं होतं. फक्त ते कंपनीला माहीत नव्हतं.

"कवा हाय त्याचं लगीन?"

"उद्या. अंबडलाच."

मी तिथेच घोडीच्या बादलीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सगळं जुळून येत होतं, आणि मला अशा गोष्टींची सवय नाही. सोमेश्वर साहेबांना फोन केला. आपल्याच वसुलीवाल्याच्या लग्नाला साहेब येणार होतेच. म्हणाले, "शिक्का खिशात आणतो. दोघं उभे राहा. पण लग्नघरात वसुलीचं बोलू नका, वाईट दिसतं."

रविवारी मंडपाबाहेर आम्ही दोघं गोरक्षनाथ साहेबांसमोर उभे राहिलो. तातेराव काका जेवायला म्हणून आले होते, ते साक्षीदार म्हणून मागे उभे राहिले. साहेबांनी आधी त्याला बघितलं, मग मला, मग पुन्हा त्याला. एकदा मला थोडं बाजूला सरकायला सांगितलं, बहुधा मध्ये आरसा नाही ना हे बघायला.

"बराबर. दोन हायेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

त्याच क्षणी डीजे सुरू झाला.

शालूला, म्हणजे घोडीला, हलगी चालत होती, बँड चालत होता. पण बिभीषणाच्या मित्रांनी जालन्याहून जो डीजे आणला होता, त्याच्या पहिल्याच ठोक्याला मंडपाचा कळस हलला. शालूने कान मागे टाकले आणि निघाली. वर बिभीषण. त्याच्या तोंडावर मुंडावळ्या आणि फुलांचा पडदा, त्यामुळे त्याला काय झालं ते बराच वेळ कळलंच नाही. तो हात जोडूनच होता. पाहुण्यांना नमस्कार करत करत जालना रोडला लागला.

साहेबांच्या हातात उघडं पेन. कागद कोरा.

"गोरख! पकड तिला!" मी ओरडलो.

मोठा गोरख शांत होता. "कुठं जात न्हाई ती. तिला सवय हाय, मारुती दिसला की थांबती."

"कोणता मारुती?"

"तेच सांगता येत न्हाई."

नवरीकडची माणसं घड्याळ बघायला लागली होती. मुहूर्त जवळ आला होता. साहेबांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्या मोटारसायकलकडे, आणि मागे बसले.

"चला."

"साहेब, आधी सही."

"आधी नवरदेव!"

मी गाडी सुरू केली. वाटेत मी बँकेचा विषय काढला, साहेबांनी घोडीचा काढला. मी सांगितलं, की टाकीत पेट्रोल कमी आहे. ते म्हणाले, की माणुसकी पण कमी आहे. पहिल्या गावात वळलो. मारुतीसमोर कुत्रं झोपलेलं, घोडी नाही. दुसऱ्या गावात घोडी होती! साहेब चालत्या गाडीवरून उतरले, लगाम धरला, "उतरा, मुहूर्त चालला!" म्हणून नवरदेवाचा हात ओढला. तो नवरदेव दुसराच होता. त्याच्या मामांनी साहेबांची कॉलर धरली. मी पुढे होऊन समजावलं, की हे फायनान्सवाले आहेत. त्यावर कॉलर आणखी घट्ट झाली. तिथेही काहींचे हप्ते थकलेले असावेत.

मला आठवतंय, तिथून सुटल्यावर मी खरोखर घाबरलो होतो. तोवर हे सगळं मी रात्री फहीमला कसं सांगायचं याची मनात तयारी करत होतो. पण ऊन उतरायला लागलं होतं, उद्या सोमवार होता, आणि बिभीषण सापडला नाही तर साहेब पुन्हा माझं तोंडही बघणार नव्हते. आई आज सकाळी माझा पांढरा शर्ट इस्त्रीला देऊन आली होती. तिसऱ्या गावाच्या कमानीतून आत गेलो तेव्हा मी मनातल्या मनात मारुतीला एवढंच म्हणत होतो, की तू हाच अस.

शालू तिथे उभी होती. आदल्या दिवशीचा परण्या याच गावचा होता म्हणे. पारावरच्या म्हाताऱ्यांनी आलेल्या नवरदेवाला रीतीप्रमाणे शेंदूर लावला होता, हातात नारळ दिला होता, आणि वरात मागून येत असेल म्हणून ते वाट बघत बसले होते. बिभीषण अजून घोडीवरच होता. फुलांच्या आडून म्हणाला, "साहेब, हा हप्ता धरायचा का?"

"आता सही," मी म्हणालो.

साहेबांनी कागद माझ्या गाडीच्या टाकीवर ठेवला. लिहिलं: गोरक्षनाथ राधाकिसन खरात, राहणार खरातवाडी, यांच्याकडे संस्थेचे काही येणे नाही. सही केली. खिशातून शिक्का काढला. शाईचं पॅड मंडपात राहिलं होतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग साहेबांनी मारुतीकडे बघितलं, हात जोडले, आणि शिक्का शेंदराच्या वाटीत बुडवला.

सोमवारी बँकेतल्या अधिकाऱ्यांनी तो केशरी शिक्का उजेडात धरला. त्याला तेलाचा वास येत होता. त्यांनी कागद खाली ठेवला, परत उचलला, मला आपादमस्तक बघितलं. माझ्या पाठीवरून घामाची धार इस्त्रीच्या शर्टातून खाली निघाली. शेवटी ते उठून दाराबाहेर गेले, चप्पल काढून परत आले, आणि कागदाच्या पाया पडून त्यांनी तो फाईलला लावला. मी रुजू झालो. आता ते आठवलं तरी चालेल.

पण साहेबांच्या पत्रात कोणता गोरक्षनाथ हे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे मोठ्या गोरखचंही कर्ज गेलं, आणि आम्हा दोघांचा मिळून एक स्वच्छ, सुंदर क्रेडिट स्कोअर तयार झाला. गेल्या आठवड्यात तो माझ्याच काउंटरवर आला. दुसऱ्या घोडीसाठी कर्जाचा अर्ज घेऊन.

"नवी घोडी जरा तापट हाय," तो आनंदाने म्हणाला. "दोनदा पाडलं मला. पण ह्यात इमा बी हाय. मी मेलो की समदं माफ, खातं कायमचं बंद. म्हणजे तूबी सुटला!"

शाखाधिकाऱ्यांनी अर्ज बघितला आणि तो माझ्याकडे सरकवला. "खरात, हा तुमचाच ना?"

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष नाही. तातेराव काकांच्या सल्ल्याने खालील अर्ज मी आज आवक-जावकला नोंदवून दिला आहे.

प्रति, मा. तहसीलदार साहेब, अंबड.

विषय: एकाच नावाच्या दोन इसमांबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्ज करतो, की मौजे खरातवाडी येथील गोरक्षनाथ राधाकिसन खरात, घोडीवाले, हे अर्जदाराहून वेगळे इसम असून दोघांची नोंद शासन व बँकांच्या दृष्टीने एकच आहे. त्यांच्या हयातीवर अर्जदाराची नोकरी, पगार व हयात अवलंबून आहे. सबब, सदर इसमाने अर्जदाराच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढू नये, जामीन राहू नये, तापट जनावरावर बसू नये आणि अर्जदाराच्या सेवानिवृत्तीच्या तारखेपर्यंत मरू नये, असे आदेश मे. साहेबांनी तात्काळ पारित करावेत, ही नम्र विनंती.